दुधीला दाखवलेलं बोट

आई, तुझ्या नातीने काल दुधीला बोट दाखवलं. तू असतीस तर तिच्या हातावर चापट बसली असती, हे मला पक्कं माहीत आहे. मुलुंडच्या चाळीमागे तू लावलेला वेल अजून डोळ्यांसमोर आहे. मी हरखून बोट उचलते आणि तू मोरीतून ओरडतेस, "बोट वाकव गं, सरळ बोट दाखवलं की कोवळा दुधी सडतो ना!" मग मी बोट मुडपून दाखवायची. ती सवय अंगात इतकी मुरली, की आजही मंडईत मी भाजी हनुवटीनेच दाखवते.

त्यातूनच घोळ झाला. पोर दीड वर्षाची झाली तरी हाक मारल्यावर वळायची नाही. पाणी हवं असलं की माझा हात धरून नळावर नेऊन ठेवायची. सासूबाई म्हणाल्या, "आमचा पण उशिराच बोलला, तू नको टेन्शन घेऊस." तरी मी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी विचारलं, ही बोट दाखवते का? मी ऐटीत सांगितलं, "नाही हो, आमच्यात वळणच आहे तसं." त्या हसल्या आणि खुर्ची जवळ ओढून मला समजावत बसल्या. बोट दाखवणं म्हणजे 'मला दिसलं ते तूही बघ' म्हणणं, बाळं ते बहुतेक आपणहून करतात. ही करत नाही, हाकेला वळत नाही, तर ऑटिझमची तपासणी करून घेऊ. या वयात मेंदू भराभर घडत असतो, वाट बघत बसू नका. मी घाबरले गं. ही माझ्या मांडीवर बसूनही मला कधी काही दाखवणारच नाही, असं वाटलं.

तपासणीत ऑटिझमच निघालं. तेव्हापासून घाटकोपरला थेरपीला जातो, आणि घरी मी फरशीवर पालथी पडून तिच्या डोळ्यांसमोर तोंड आणून खेळते. सासूबाईही खेळतात, गुडघे दुखतात म्हणून कुरकुरत. बोलत नाही ती अजून, पण हसते खूप, आणि आमचं बरं चाललंय.

काल खिडकीच्या ग्रिलमधल्या वेलाला इवलासा दुधी दिसला. तिने सरळ बोट केलं, मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी बघतेय ना, एवढंच तिला हवं होतं. मी म्हटलं, "हो गं, दुधी." आणि रडले.

हे पत्र तुला कुठे पाठवणार, पिठाच्या डब्याखाली ठेवते. एक सांगायचं राहिलं. तिचं बोट मी वाकवलं नाही, पण तिच्यामागे उभी राहून माझं मात्र हळूच मुडपलं. दुधीही वाचायला हवा ना.