उंबऱ्यात टाकलेला चिमटा

मार्सली,

गाई घेऊन डोंगरावर चाललोय. संध्याकाळपर्यंत येत नाही. ओट्सच्या भाकरी फडक्यात आहेत, आईने केल्यात, म्हणजे खारट असणार. आईही बहिणीकडे गेली आहे. तुला अडवणारं घरात कोणी नाही.

काल बाजारात तुझा भाऊ लॅकलन भेटला. दारू चढल्यावर हसत सांगत होता, "पोरीने हो म्हणायला तीन दिवस लावले. तोवर खोलीचं दार उघडलंच नाही आम्ही." मी त्याचा दात पाडला. तुला कळेलच, म्हणून सांगून ठेवतो.

मला म्हणाले होते, मुलगी राजी आहे. मी ते खरं मानलं, कारण मला सोयीचं होतं. लग्नाच्या दिवशी नव्या सुनेच्या हाती घर द्यायचं म्हणून आईने रीतीप्रमाणे चुलीचा चिमटा तुला दिला आणि तू तो उंबऱ्यातच टाकलास. मला तो माज वाटला. पाच महिने तुझ्याशी धड बोललो नाही. एकदा नुसतं विचारायला हवं होतं.

घोडीवर खोगीर चढवलंय. किनाऱ्यावर नावाडी दुपारपर्यंत थांबेल, तुला तुझ्या मावशीच्या गावी सोडेल. भावाकडे जाऊ नकोस.

निखारे राखेखाली आहेत. जाणार असलीस तर तसेच विझू दे. राहणार असलीस तर चूल पेटव. चिमटा खुंटीला आहे.

वरून आपलं धुराडं दिसतं. दिवसभर मी तिकडे पाठ करून बसेन. अंधारायच्या आधी एकदाच वळून बघेन.

टॉर्कल