संगीताचा ढावलो

दारव्हा

रूपसिंगदादाले जयाचा जय सेवालाल.

वहिनीचे गुडघे, तुहा बीपी अन् आपली काळी म्हैस, तिघंही ठीक असतीन अशी आशा करतो. (म्हशीसंगं मोजलं हे वहिनीले सांगू नको.) तू विचारलं नाही तरी सांगतो, मी मजेत आहो. गाणे लिहून राह्यली, गाऊन राह्यली. रेशन कार्डासाठी आमच्यासारख्याईले "आधी बाई का माणूस ते ठरवा" म्हणून वापस धाडत, त्याच्यावर म्या आपल्या बंजाऱ्याईच्या गोरबोलीत गाणं रचलं. मंग आम्ही सगळ्याजणी हापिसाच्या ओट्यावर तेच गात बसलो. दुपारपर्यंत बाबूच ते गुणगुणाले लागला, अन् कार्डं निघाले.

परवा ढाणकीले कार्यक्रमाले गेलती. जीपवाल्यानं पह्यले बायाईत बसवलं, माहा आवाज आयकून मांगं लटकवलं, अन् ढोलक दिसल्यावर पुढच्या सीटवर घेतलं. (ढोलकीले मान आहे बाप्पा!) तिथं सूत्रसंचालनाले शहरातल्या रजनीताई होत्या. बाई मनाची लय चांगली. म्या माईक हाती घेऊन म्हणलं, "मंडळी, मी आता गाणं म्हणतो." त माह्या कानाशी लागून म्हणतात, "जयाताई, घाबरू नका, तुम्ही स्त्री आहात. 'म्हणते' म्हणा." माईक चालूच होता, आख्ख्या मंडपानं आयकलं. पुढं बसलेली मानीबाई, आपल्याच तांड्याकडून तिथं दिलेली, चांगली म्हातारी, कंबरेवर हात ठेवून उठली. "काहून वो? मी बी म्हणतोच म्हणतो! जेवतो, झोपतो, नातवाईले बदडतो. मंग मी कोण आहो?" बायाईनं जो गलका केला! (या हिशोबानं आपल्या वहिनीले मिशाच फुटाले पाह्यजे होत्या.) रजनीताईले घाम फुटला. मले त्याईची कीवच आली, बिचारीनं माह्यासाठीच केलतं ना.

मंग मानीबाईनं फर्मान सोडलं का माहेरची पोर आहे, ढावलो म्हण. तुले माहीतच आहे, नवरी सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून रडत गाते तो ढावलो. मले कोणी नवरी केली नाही, पण याडीच्या, आपल्या मायच्या, मांडीवर बसून सगळा पाठ केलता. म्या सुरू केला अन् बाया एकामागं एक येऊन माह्या गळ्यात पडल्या. रजनीताईही पडल्या, अन् नाक पुसत म्हणाल्या, "मी पण रडतो." म्हातारीनं जाताना विचारलं, भाऊ कोणता तुहा, काहून नाही आला? म्या सांगतलं, कामात आहे. खोटं बोलताना लय वाईट वाटलं दादा.

वहिनीले नमस्कार, म्हशीले चारा.

तुही बहीण,
जया

ता.क. तुह्या संगीताच्या लग्नाची पत्रिका भेटली नाही. पोस्टातच अडकली असन. (ते पोस्ट आपल्या ओसरीवर तंबाखू मळत बसते, हे मले माहीत आहे.)

आणखी ता.क. पोरीवर चिडू नको. संगीता फोनवर माह्यापासून ढावलो शिकून राह्यली. काल अडली. म्हणे, आत्याच्या गळ्यात पडाचं कडवं आलं का मी कोणाच्या गळ्यात पडू, भिंतीच्या?

शेवटचं ता.क. तू घरातून "जाय" म्हणलं, तवा मी "येतो" म्हणूनच निघालती. बोलावशील त येतो.