आडव्या सायकलचं माप

३ तारीख, सकाळ
मी आणि धाकटी बहीण एकाच सायकलवरून शाळेत जायचो. मी पुढे पेडल मारत, ती मागे कॅरियरवर, दोघींची दप्तरं मांडीवर घेऊन. चढ आला की तिच्या वेणीची निळी रिबीन माझ्या नाकाशी फडफडायची. आज हे आठवलं, कारण तिचा फोन आला. महिनाअखेरीस ती लेकीकडे राहायला जातेय, कायमची. म्हणाली, त्याआधी तळ्याभोवती एक फेरी मारू, आपापल्या सायकलवर.
कबूल केलं. माझ्या कमरेला साधी सायकल चालणार नाही, म्हणून रिकम्बंट घेणार. मागे रेलायचं, पाय पुढे पसरायचे. निवड थंड डोक्याने करायची. घाई नाही.

५ तारीख
दुकान. शी. ग्रीसचा वास, तेलकट चिंध्या आणि त्या चिंध्यांवरच दुकानदाराचा चहाचा कप. त्याने तीनचाकी दाखवली. म्हणाला, पहिलीच असेल तर हीच घ्या मॅडम, पडायची भीती नाही. ओळख ना पाळख आणि थेट माझ्या पडण्यावर आला. नाकारली.
दुसरीला चाकं दोन, पण पाय छातीच्या वर. दाताच्या डॉक्टरची खुर्ची रस्त्यावर आणल्यासारखी. शाळेत सिस्टर आम्हाला गुडघे जुळवून बसायला लावत. त्यांनी या सायकललाही वर्गाबाहेर उभं केलं असतं.

९ तारीख
तिसरीच्या सीटला कुणाच्या तरी घामाचा वास. किळस आली. चौथीवर डोळे मिटून तोलाचा अभ्यास केला. दुकानदार म्हणतो वीस मिनिटं, आणि घोरत होतात. खोटारडा.

१२ तारीख
निर्णय. दोन चाकी, मापाने बनवून घ्यायची. भिंतीला पाठ टेकून बसायचं, पाय सरळ, टाचेपर्यंत माप. ह्यांना टेप धरायला सांगितली. उलटी धरली. मी शाळेत तीस वर्षं शिवण शिकवलं आणि घरी ही तऱ्हा.
आलेल्या मापात दोन इंच मार्जिन धरून कागद दिला. मार्जिन न ठेवणारी बाई नंतर रडते, हे मी मुलींना पहिल्याच तासाला सांगायची. दुकानदाराने दोनदा विचारलं, नक्की हेच माप? एकदा वेल्डिंग झालं की बदलत नाही. कागदावर सही ठोकली.

२२ तारीख
सायकल आली. मागे उंच झेंडा, बुटकी सायकल गाडीवाल्यांना दिसावी म्हणून. पाय पेडलला पोचत नाहीत. दोन इंच कमी पडतात. दुकानदाराला म्हटलं, थोडी आत घ्या. तो म्हणाला, "मॅडम, लोखंडाला टीप मारता येत नाही." उर्मट माणूस. हल्ली कुणालाच काम येत नाही.
पाठीमागे दिवाणावरच्या दोन उश्या लावल्या. पोचले.

२५ तारीख, संध्याकाळ
पार्किंगमध्ये सराव. वॉचमन खुर्ची घेऊन बघायला बसला, झेंड्याचं कौतुक करत. शिसारी येते अशा माणसांची. मी पडले नाही. उशी सरकली आणि सायकल कलंडली, मी तिच्यासोबत गेले. प्रगती चांगली: चार फूट. हे म्हणतात साडेतीन.

२७ तारीख
धाकटी आली. कोपराचं खरचटलेलं बघून हसली. मी म्हटलं, शाळेत तुला रोज कोण घेऊन जायचं?
"ताई, तू कधी चालवलीस गं? तू मागे बसायचीस आणि माझा फ्रॉक धरून ब्रेक, ब्रेक ओरडायचीस."
वय झालं की माणसं काहीही बोलतात. मग उश्या काढून ती सहज म्हणून बसली. पाय बरोब्बर पोचले. बिल्डिंगला दोन चकरा मारून आली. वॉचमनने टाळ्या वाजवल्या. लाज नाही.

२९ तारीख
तळं. फेरी धाकटीने मारली, माझ्या सायकलवर. मी बाकावर, तिची पर्स आणि पाण्याची बाटली मांडीवर. रिबिनीचा विचार केला. मागे बसणारीची रिबीन पुढचीच्या नाकाशी येत नाही. तेव्हा वारा उलटा असणार.
वळणावर ती जोरात आली तेव्हा मी उभी राहून ब्रेक म्हणून ओरडले. तिने मागे न बघता हात हलवला. सवय असल्यासारखा.

३० तारीख
ह्यांच्यासाठी लिहून ठेवते. सायकल धाकटीला द्यावी, तिच्या सामानाच्या टेम्पोत उभी बांधून. हेल्मेटही तिलाच. माझं डोकं मोठं, आत रुमाल घालायला सांगावं. सायकलचा उंच झेंडा वॉचमनला, एवढा आवडला असेल तर. उश्या दिवाणावर परत. टेप ह्यांनी ठेवावी आणि सरळ धरायला शिकावं.
टेम्पो आधी दुकानावर न्यावा. दुकानदाराने मागे कॅरियर बसवून द्यावं, मजबूत. मागे बसणारीचं वजन किती धरायचं ते त्याला धाकटीने सांगावं. मी मार्जिन धरेन.