पेल्टनबुवांचं शुद्धिपत्र

२४ मार्च, सोम.
सगळं बदललं ते ऑक्टोबरात, ग्रीकच्या मिडटर्मचे पेपर परत मिळाले त्या तासाला. प्रो. म्हणाले, इथे तुझं भाषांतर चुकलंय. मी सगळ्यांसमोर ओरडलो, तुम्हालाच ग्रीक येत नाही! पेपर फाडला, बाहेर. त्याच आठवड्यात कॉलेज सोडलं. मग घरी डिक्शनरी उघडली. प्रो. बरोबर होते.
मुळात ग्रीक घेतलं कशाला? केतकीने घेतलं म्हणून. पहिल्या रांगेत बसते, डावखुरी. तिचा शेवटचा मेसेज: “आधी सरांना सॉरी म्हण. मग मला फोन कर.”
पाच महिने झाले. म्हटलेलं नाही. कॉलेज परत घ्यायला तयार आहे, पण फॉर्मवर प्रो.ची सही हवी. मुदत ४ एप्रिल.

२५ मार्च, मंगळ.
आईने कामाला जुंपलं. दामले काका, अमेरिकेतल्या आमच्या या कॅरी गावातले जुने हार्ट डॉक्टर. रिटायर झाल्यावर ग्रीक शिकले (!) आणि आता अँब्रोज पेल्टन नावाच्या व्हिक्टोरियन काळातल्या ग्रीक पंडिताचं चरित्र लिहितायत. मराठीत. हाताने. त्यांच्या मुलांना मराठी वाचता येत नाही, म्हणून टायपिंगला मी.
“काका, हे वाचणार कोण?”
“तू वाचतोयस की.”
काका त्याला पेल्टनबुवा म्हणतात. मेणबत्तीवाल्याचा मुलगा. युनिव्हर्सिटीत चक्क नापास! मग अकरा वर्षं खेड्यात शाळामास्तर, आणि पहाटे उठून ग्रीक नाटकांच्या जुन्या हस्तलिखितांची ओळीला ओळ लावून तपासणी. त्यातून शेवटी प्रोफेसर झाला.
नापास. माणूस आवडला.

२७ मार्च, गुरु.
भांडणाचं प्रकरण. बुवांनी एका नाटकातली एक ओळ ‘दुरुस्त’ केली. हार्विल नावाचा म्हातारा पंडित म्हणाला, चूक. बुवांनी पुढच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्याला ‘दिवसाढवळ्या आंधळा’ म्हटलं. वा बुवा! दोन तासांत वीस पानं टाइप.

३० मार्च, रवि.
मेलो. काका प्रिंट वाचता वाचता थांबले. “‘असल्या म्हाताऱ्यांना वेळीच गप्प करायला हवं.’ हे कुणाचं रे वाक्य?”
माझं. टाइप करताना घातलं होतं. “वाटलं, तुमच्याकडून राहून गेलं असेल.”
काकांनी काकूंना हाक मारली, “अगं ऐकलंस का, आपल्या पुस्तकात प्रक्षिप्त आलंय!” आणि ठसका लागेपर्यंत हसले. मग सांगितलं, पूर्वी पोथ्या उतरवून घेणारे स्वतःची ओळ मध्येच घुसडायचे. बुवांचं निम्मं आयुष्य असल्या ओळी शोधून बाहेर काढण्यात गेलं.
“कशा ओळखायच्या पण?”
“लेखकाचं बोलणं मध्येच थांबतं आणि उतरवणाऱ्याची खाज बोलायला लागते. तुझी कसली खाज?”
सगळं सांगितलं. मिडटर्म, प्रो., फॉर्म. काकू वडे घेऊन आल्या. “मुलीचं नाव काय?”
मी मुलीबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं.

१ एप्रिल, मंगळ.
शेवटचं प्रकरण. म्हातारपणी बुवांनी त्याच नाटकाची नवी आवृत्ती काढली. मागे तीन पानांचं शुद्धिपत्र, सगळ्या स्वतःच्याच चुका. पहिलीच नोंद: ‘दिवसाढवळ्या आंधळा हे शब्द श्री. हार्विल यांच्याऐवजी माझ्याबद्दल वाचावेत. ओळ ते म्हणतात तशीच आहे.’
आणि हार्विल दोन वर्षांपूर्वीच वारलेला.
टाइप करवेना. म्हटलं, काका, मग छापलं कशाला? वाचायला तो होता कुठे?
“चूक होती ना? मग छापायची.” मग म्हणाले: “पण उशीर केला बुवांनी. त्यांना कळलं होतं फार आधी. मला त्यांची पत्रं वाचून कळलं.”
मला तर माझी चूक त्याच आठवड्यात कळली होती.

३ एप्रिल, गुरु.
स्वतःचं शुद्धिपत्र लिहिलं. आधी तीन पानं झाली, त्यातली अडीच सबबी. खोडल्या. उरल्या चार ओळी. ओरडलो ते चूक. भाषांतर चूक. कळल्यावर पाच महिने गप्प बसलो, ते सगळ्यात चूक. वर्गात परत बसायचंय.
प्रो.ना ईमेल केली, हे हातात द्यायला येऊ का? वीस मिनिटांत उत्तर: “उद्या तीन ते चार ऑफिसात आहे.” बस. रागाने की कसं, कळत नाही. पण ये म्हणालेत, म्हणजे…
केतकीला कळवलं नाही. दहादा फोन उचलला, ठेवला. शाबासकी मागितल्यासारखं होईल.

४ एप्रिल, शुक्र.
दोन वाजले. गाडीवर पाइनच्या परागांचा पिवळा थर, वायपर मारला तर चिखल झाला. काकांचा फोन, “मी सोडू का?” नको म्हटलं. “बरं. शेवटचं प्रकरण तूच पुरं कर. सोमवारी ये.”
आई म्हणाली, “शर्ट बदल. आणि तिथे तोंड बंद ठेव हं, बाबा.”
“तोंड उघडायलाच चाललोय, आई.”
सही करतील? नाहीही करणार. तरी सकाळपासून उगाच हसू येतंय. चार ओळी खिशात आहेत. पाठच झाल्यात.
वही इथेच शू-रॅकवर ठेवतो. दार ओढून घेतो. निघालो.