चौकातलं डोहाळजेवण

२२ नोव्हेंबर १९७४
मंदिराच्या रस्त्यावर भिंतभर लिहिलंय — "घरात नार, दुकानात यार, फूलचंद कसला उमेदवार!" फूलचंद म्हणजे आमचे हे. कापडाचं दुकान सोडून नगरपालिकेला उभे राहिलेत, समोर दौलतसिंग. आणि यार म्हणजे जगदेवभाऊ. पाट्या रंगवतात, रोज संध्याकाळी आमच्याकडे जेवतात.

कमाल म्हणजे ती भिंत रंगवली जगदेवभाऊंनीच! कारंजा गावात सुबक अक्षराचा दुसरा रंगारी आहे कोण? 'यार'ला लाल सावलीही दिलीय.

"नाही म्हटलं असतं वैनी, तं लोकायचा शक पक्का झाला असता," म्हणाले. वर विचारतात, अक्षर कसं आलं? चांगलं आलंय. तसं सांगितलं.

२३ नोव्हेंबर
भिंतीवरचं खोटं आहे असं निदान इथे लिहिणार नाही. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मला कळलं. फार रडले. माहेरी सांगणार काय? मग हळूहळू दिसायला लागलं — हे एरवी घुम्यासारखे, जगदेवभाऊ आले की हसतात. ते हसले की मीही हसते. नऊ वर्षं तिघांचं बरं चाललंय. जगदेवभाऊ गेले तर आम्ही दोघं एकमेकांची तोंडं बघत बसू. मला ते नकोय.

२५ नोव्हेंबर
शिखरचंदभाऊजी, यांचे चुलतभाऊ, प्रचार सांभाळतात. आज येऊन म्हणाले, "वैनी, तुमचं डोहाळजेवण करू. चौकात, भोंगा लावून. दौलतसिंगाचं तोंड बंद!"

"पण मले दिवस कुठी गेले?"

"निऱ्या थोड्या वर खोचा."

"आन् दिवस भरल्यावर?"

"निवडून आल्यावर कोण विचारते!"

हे खाली मान घालून कापड मोजत होते. एकच कापड, पुन्हा पुन्हा.

२७ नोव्हेंबर
सभा. भाऊजींनी यांच्या हातात कागद दिला. हे भोंग्यात ओरडले — "मर्दाला मत, बायल्याला लाथ!" लोकांनी शिट्ट्या मारल्या. खाली फलक धरून जगदेवभाऊ उभे. फलकही त्यांनीच रंगवलेला.

संध्याकाळी जेवायला आले नाहीत. खोलीला कुलूप. एसटीनं मेडशीला गेले म्हणे, भावांकडे. यांनी ताट पुढ्यात घेतलं आणि बसून राहिले. दिवस बुडाला, आम्हा जैनांना आता जेवायचं नाही, म्हणून ताट तसंच उचललं.

"भोंगाच ओरडला, मी नाही," म्हणाले. मी म्हटलं, तोंड तुमचंच होतं. मला खूप राग आला होता.

२८ नोव्हेंबर
काही नाही. हे दोनदा जगदेवभाऊंच्या खोलीचं कुलूप बघून आले.

३० नोव्हेंबर
झालं एकदाचं! चौकात फुलांची खुर्ची, मी हिरव्या शालूत, पोटाशी निऱ्यांचा गठ्ठा. दौलतसिंगाची बायको ओटी भरायच्या निमित्तानं पोट चाचपायला आली. मी पदर आवळला.

भाऊजींनी भोंगा पुढे केला. "सांगा वैनी, कायचे डोहाळे लागले?" चिंच, पुरणपोळी असं काही ठरलं होतं. मी म्हटलं, "मले जगदेवभाऊ पंगतीले पाहिजेत. मेडशीहून घेऊन या."

भाऊजी पांढरेफटक. शेवटी पुढे बसलेल्या शेजारच्या म्हाताऱ्या तुळसाबाई बोलल्या, "डोहाळा हाये बाप्पा, पुरवाच लागते. नाहीतं लेकराचे कान फुटतात." मग काय! आमची जीप निघाली. श्रेय आम्हाला एकट्यांना मिळू नये म्हणून मागोमाग दौलतसिंगाचीही. यार आणायला दोन्ही पक्ष!

यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. डोळे भरले होते.

१ डिसेंबर
जिपा रिकाम्या आल्या. जगदेवभाऊंचे भाऊ म्हणाले, त्याला काम आहे, आठवड्यानं स्वतः पाठवतो, बाईंचा डोहाळा मोडणार नाही. यांनी आज दोन घास जास्त खाल्ले.

८ डिसेंबर
हे निवडून आले. गुलाल, बँड. मिरवणूक एसटी स्टँडवरून नेऊ, म्हणाले. कोणाला कारण कळलं नाही. मला कळलं.

११ डिसेंबर
जगदेवभाऊ आले. मागे एक मुलगी, हातभर हिरवा चुडा, अंगाची हळद उतरलेली नाही. सोजरबाई. आमची 'बायल्या'ची घोषणा मेडशीला पोचली होती. भावांनी आठवड्यात त्यांचं लग्न उरकलं.

"तुमचा डोहाळा पुरवला, वैनी," जगदेवभाऊ म्हणाले. हे आत निघून गेले.

ती चुलीपाशी माझ्याजवळ येऊन बसली. हळूच म्हणाली, "बाई, रस्ताभर एक शब्द बोलले नाहीत. माह्यं काही चुकलं काय?"

हे मलाही कोणाला तरी विचारायचं होतं, नऊ वर्षांपूर्वी. मी तिला आधी जेवायला वाढलं.