फाटकावरचा प्रश्न

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की गावातल्या नव्या पोरांना तुमचा चेहरा माहीत नाही. तरी सौंदडला उतरून कोणी कुत्तेवाल्याचं घर विचारलं, तर पानठेल्यावरचा माणूस अजून आपल्याच घराकडे बोट दाखवतो. आता त्या घरात मी राहते, कुत्री मी सांभाळते, पण नाव तुमचंच चालतं. लहानपणी मला त्या नावाची फार लाज वाटायची. काकांकडे धानाची शेती, दारात ट्रॅक्टर, आणि आपल्याकडे मागच्या आवारात अल्सेशियन कुत्र्या. एका लग्नात आत्या भर पंगतीत म्हणाली होती, "शेतकऱ्याच्या घरी जन्मून कुत्र्याईचे पिल्ले विकून खाते माहा भाऊ!" तुम्ही खाली मान घालून वरणभात कालवत राहिलात. मला वाटलं, तुम्ही ऐकलंच नाही. परत येताना फटफटीवर, अर्ध्या वाटेत, मागे न बघता म्हणालात, "खातो. पन पाहून विकतो." एवढंच. आत्याला मी त्या दिवसापासून माफ केलेलं नाही, तुम्ही मात्र तिच्या घरी दर दिवाळीला जात राहिलात.

पाहून विकणं म्हणजे काय, ते मला चोरखमारा गावाकडच्या एका मोठ्या घरी समजलं, तिथे आपण पिल्लू द्यायला गेलो होतो. मी हट्टाने सोबत आले होते. नवं सिमेंटचं घर, समोर दोन जीपा, आणि कोपऱ्यात टिनाच्या पत्र्याखाली साखळी आधीच बांधून तयार, जेमतेम हातभर लांब. पिल्लू माझ्या मांडीवर झोपलेलं. तुम्ही पाणी प्यायलात, उठून त्या पत्र्याला तळहात लावलात आणि लगेच मागे घेतलात. मग विचारलंत, याला जेवण कोण देणार? मालक म्हणाले, नोकर आहेत की. तुम्ही पिल्लू माझ्या मांडीवरून उचललंत. "साहेब, तुमच्या घरी कुत्र्याले जागा हाये, पन कुत्र्यासाठी मानूस नाही." मालक हसले, मग हसायचे थांबले. "कुत्तेवाला होकर इतना भाव?" मला रडू येत होतं, कारण त्या घरी माझ्यासाठी शरबत आणायला सांगितलं होतं आणि ते अजून आलं नव्हतं. घरी आल्यावर पिल्लाला त्याच्या आईजवळ सोडून तुम्ही फिनाईलने आवार धुवायला घेतलंत, जसं काही झालंच नव्हतं.

आणि आठवणीतला आणखी एक दिवस, ज्यासाठी आज लिहायला बसले. मी चौथीत असेन. फाटकावर एक माणूस उभा आहे, हातात दोरी, दोरीला आपल्याच घरचा मोठा झालेला कुत्रा. मी धावत जाते आणि कारण विचारते, "काऊन आनला जी परत?" त्याची मान खाली जाते. तुम्ही मला बाजूला करता, त्याला खाटेवर बसवता, आईला चहा टाकायला सांगता, कुत्र्याला पाणी देता आणि त्या माणसाशी कालव्याच्या पाण्याबद्दल बोलत बसता. तो गेल्यावर चुलीजवळ मला समोर उभं केलंत. "फाटकावर आलेल्याले काऊन आनला म्हनून इचारायचं नाही. इचारलं का मानूस लाजते. लाजला का आपल्याकडे येत नाही, कुत्र्याले टेसनावर सोडून देते." मी रडले. आईने जवळ घेतलं, तुम्ही घेतलं नाही. पण मला नियम पाठ झाला. पिल्लू दोन महिन्यांचं झाल्याशिवाय द्यायचं नाही, देताना त्याच्या आईच्या अंगाखालच्या पोत्याचा तुकडा सोबत द्यायचा म्हणजे नव्या घरी ते रडत नाही, आणि गेलेलं कुत्रं कधीही परत आलं तर फाटक उघडायचं, तोंड नाही. म्हणून तर तुम्ही छाती काढून म्हणायचात, आपल्या घरचं एकही कुत्रं रस्त्यावर नाही.

ते वाक्य मी खूप वापरलं, बाबा. आता आपल्याला दोन्हीकडून बोलणी बसतात. एकीकडे मोबाईलवर फोटो टाकून महिनाभराची पिल्लं विकणारे, आणि लोक त्यांना अन् मला एकाच तराजूत घालतात. दुसरीकडे खरोखरच मुक्या जनावरांची काळजी असलेली माणसं. गोंदियाला लसीकरणाच्या शिबिरात अशाच एका मुलीने मला तोंडावर विचारलं, रस्त्यावर इतकी कुत्री उपाशी मरतात, तुम्ही आणखी कशाला जन्माला घालता? प्रश्न खोटा नव्हता. मी तुमचं वाक्य म्हटलं. तिला पटलं नाही, पण ती पुढच्या कुत्र्याकडे वळली. मी बसमध्ये बसून येईपर्यंत स्वतःवर खूश होते.

गेल्या हिवाळ्यात आपल्या कुत्रीला सहा पिल्लं झाली. तुमच्याच जुन्या कुत्रीच्या वंशातली ही शेवटची, आता वयाने उतरलेली, हे तिचं अखेरचं बाळंतपण ठरवलं होतं. पहिल्या लशीचा आठवडा आला आणि त्याच आठवड्यात फाटकावर ऑटो थांबला. गोंदियाहून नवरा-बायको आले होते, बाईच्या मांडीवर खोक्यात पिल्लू. ते उलट्या करत होतं. "दुकानवाला बोला सौंदडवाले बाबा के यहाँ का है. आपका ही नाम लेके बेचा, दीदी," ती म्हणाली आणि रडायला लागली. बघताक्षणी मला कळलं की हे आपलं नाही. इतकं लहान आपण देत नाही, आणि खोक्यात पोत्याचा तुकडा नव्हता. पण तुमचं नाव घेऊन ते दारात आलं होतं. मी का आणलं विचारलं नाही, कधीपासून आजारी विचारलं नाही. फाटक उघडलं. त्याला वेगळं, पंपाच्या खोलीत ठेवलं, हात धुतले, सगळीकडे फिनाईल टाकलं, तुम्ही टाकायचात तसं भरपूर.

ते दुसऱ्या दिवशी गेलं. मग आपल्या पिल्लांनाही उलट्या लागल्या. डॉक्टर आले, सलाईन लावलं, आणि आवारातला वास घेऊन म्हणाले, "ताई, पार्व्होचा विषाणू फिनाईलनं मरत नाही. ब्लीचिंग पावडर लागते." मला ठाऊक नव्हतं. तुम्हालाही नव्हतं, तुमच्या काळात हा रोग आपल्या फाटकापर्यंत आला नव्हता, एवढंच तुमचं नशीब. सहाही पिल्लं गेली. त्यांची आई फुटक्या खोक्यात, चुलीमागे, माझ्या पलंगाखाली शोधत फिरायची. डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी तिचं पोतंही जाळलं, तेव्हा ती धुराकडे तोंड करून बसून राहिली. आणि गोंदियात काय बोललं गेलं, तर सौंदडवाल्यांकडेच रोग आहे. ज्याने तुमचं नाव विकलं, तो अजून दुकान चालवतो.

मग उन्हाळा लागला. फाटकावर एक माणूस आला, दोरीला कुत्रा. हा आपलाच होता, चार वर्षांपूर्वी दिलेला, याच कुत्रीच्या आधीच्या वेतातला. मला बघून त्याने शेपटी हलवली. मी फाटकाची कडी हातात धरून उभी राहिले आणि माझ्या तोंडून निघालं, "काऊन आनला?" माणूस घाबरल्यासारखा झाला. "काही नाही जी. असाच आनलो होतो, दाखवाले." मी म्हटलं, बिमार आहे का, लस कधी दिली, घरी काय झालं? तो म्हणाला, काही नाही, सगळं ठीक हाये, जातो जी. आणि गेला. कुत्रा दोन वेळा मागे वळून बघत होता. मी मनात म्हटलं, काळजी घेतली, यात काय चुकलं? डॉक्टरही हेच म्हणाले असते.

तीन-चार दिवसांनी पानठेल्यावर बोलणं कानावर आलं, स्टेशनवर एक अल्सेशियन बसून आहे, गाडी आली की उठते, डब्याडब्याला हुंगते, गाडी गेली की परत येऊन बसते. मी दोरी घेतली आणि कुत्रीलाही सोबत घेतलं, म्हटलं आईला बघून येईल तरी. प्लॅटफॉर्मवर तो नव्हता. चहावाला म्हणाला, "होता जी, कालवरी होता. त्या बाकाखाली बसे. आता गाडीत चढला का गाडीखाली आला, कोनाले मालूम." मी रुळाच्या कडेने दोन्ही बाजूंना दूरवर चालत गेले. काही सापडलं नाही. परत आले तर आपली कुत्री त्या बाकाखाली शिरून पसरली होती, नाक फरशीला टेकवून. ओढलं तरी उठेना. हिवाळ्यापासून ती शोधत होती, आणि तिला काहीतरी सापडलं होतं. शेवटी मीही तिथेच खाली बसले. लोक बघून जात होते.

आता फाटकाजवळ ब्लीचिंगच्या पाण्याचं घमेलं असतं, आलेलं जनावर आधी लांबच्या खोलीत राहतं, आणि मी पुन्हा कोणाला काही विचारत नाही. दोन्ही गोष्टी एकत्र जमतात, हे इतकं सोपं होतं. तुमचं वाक्य मात्र मी आता म्हणत नाही. परवा त्याच शिबिरातली ती मुलगी भेटली, नमस्कार केला, आणि मीच नजर चुकवली.

हे वाचायला तुम्ही असता तर मी लिहिलं नसतं, कारण पुढचं तुमच्यासमोर बोलायची माझी हिंमत नाही. त्या माणसाला मी रोगाच्या भीतीने विचारलं, असं सगळ्यांना सांगते. तसं नव्हतं, बाबा. सहा पिल्लं पुरल्यानंतर मला आपल्या फाटकावर कोणाचीतरी मान खाली गेलेली बघायची होती.