बत्तीस चुकांची यादी

७ मार्च

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. साष्टांग तूर्त कागदावरच. वाकू नको असे डॉक्टरांनी म्हटलेले नाही, पण मीच वाकत नाही.

फोन न करता पत्र लिहीत आहे, याचे कारण तुला ठाऊक आहे. सासूबाई तीस वर्षे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. भिंतीपलीकडून अर्धे वाक्य ऐकतात आणि उरलेले स्वतः जोडून घेतात.

आठवा आठवडा भरला म्हणून काल सोनोग्राफीला गेलो होतो. डॉक्टरबाई बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, की बाळाभोवतीची पिशवी तयार झाली आहे, पण आत बाळाचा अंकुर दिसत नाही. कधीकधी गर्भ रुजतो, पिशवी वाढते आणि अंकुर धरतच नाही, किंवा अगदी आरंभीच थांबतो. दिवस मोजण्यात चूक असू शकते, म्हणून सतरा तारखेला पुन्हा पाहायचे. मग मला अजून मळमळ कशी होते, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, शरीराला अजून बातमी पोहोचलेली नाही. ताई, माझे शरीर अगदी माझ्यावर गेले आहे. शाळेत सुट्टी जाहीर झाली तरी मी वही उघडून बसायचे, आठवते?

मी माझ्या चुकांची यादी केली आहे. क्रमांक एक: ग्रंथालयाच्या दुरुस्ती विभागात मी लोखंडी प्रेसचे चाक स्वतः फिरवले. चार: पुस्तकाच्या पाठीला लावायची खळ नीट शिजली का, हे जिभेवर पाहिले. नऊ: बससाठी अकरा पावले पळाले. चौदा: पानांचे कोपरे दुमडणाऱ्या एका वाचकाला मनातल्या मनात गाढव म्हटले. एकवीस: शेवट दुःखद आहे हे ठाऊक असूनही कादंबरी पुरी केली. एकूण बत्तीस. पहिली चूक सर्वांत मोठी, म्हणून राजीनामा लिहून मुख्य ग्रंथपालांच्या टेबलावर ठेवला आहे. माझ्या हातून एक साधी गोष्ट नीट झाली नाही. शंभर वर्षांची पुस्तके त्या हातात कशाला?

कळावे. लोभ आहेच, सतरा तारखेपर्यंत तो जरा जास्त असावा.

तुझी,
धाकटी

१० मार्च

चि. पहिला नंबर हिस,

अ. उ. आ. पैकी दोन आशीर्वाद मी राखून ठेवलेत. राजीनामा परत घेतलास की मिळतील.

अगं शहाणे, वीस वर्षं मी लोकांना गाडी शिकवते. गाडी बंद पडली की नवशिका सगळ्यात आधी काय करतो? माफी मागतो. माझी, गाडीची, मागे हॉर्न वाजवणाऱ्याची. काल एका बाईंनी तर सिग्नलच्या खांबाची मागितली. क्लच बिचारा कधीच वारलेला असतो, पण हे लोक स्वतःला बोल लावायचं सोडत नाहीत.

तुझी यादी मी दोनदा वाचली. गाढवाला मनातल्या मनात गाढव म्हटल्याने गर्भ थांबत असता, तर या गावात एकही मूल जन्माला आलं नसतं. मी एकटीने दिवसाला चाळीस जणांना म्हणते, तेही खिडकीची काच खाली करून. ती यादी सतराला डॉक्टरांसमोर मोठ्याने वाच. त्या हसल्या तर हसू दे. आणि त्या राजीनाम्याचं काहीतरी कर. पुस्तकं शिवत नसलीस की तू माणसांना शिवण घालायला लागतेस, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

मळमळत असेल तर थोडं थोडं खात जा. पोट धरून बसू नकोस.

माया आहे, पण धाक त्याहून जास्त आहे असं समजावं.

तुझी,
ताई

११ मार्च

ती. ताईंना,

सा. न. वि. वि. हे पत्र घरी कुणाला माहीत नाही. दुकानात बसून लिहितोय. समोर एक आजोबा चष्म्याची काच बदलायला थांबलेत, तेव्हा थोडक्यात सांगतो.

दोष माझा आहे. माझी शिंक तुम्हाला ठाऊक आहे. आमच्या लग्नात तिच्यामुळे फोटोवाल्याच्या हातून कॅमेरा सुटला होता. गेल्या महिन्यात ही खुर्चीवर शांतपणे वाचत बसली होती. मी मागून गेलो आणि शिंकलो. ही खुर्चीतून अक्षरशः वर उडाली. पुढचा तासभर छातीवर हात ठेवून बसली होती. मला वाटतं, ते तेव्हाच झालं.

हिला हे सांगायची हिंमत होत नाही. ती सारखी कसलीशी यादी करत असते. तिच्यात माझं नाव असणारच. सोनोग्राफीच्या दिवसापासून मी शिंक दाबतोय. काल दुकानात दाबली, तर कानात दडा बसला आणि गिऱ्हाइकाचा नंबर चुकीचा लिहिला. आजोबा तेच आहेत.

चुकलं माकलं पोटात घालावं.

आपला,
भिंगवाला

११ मार्च

चि. थोरलीस,

अ. आ. बाकी क्षेम म्हणवत नाही.

माझ्या सुनेला कळू देऊ नकोस, पण हे सगळं माझ्यामुळे झालं. तिने मला बजावलं होतं, की तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही. मी तिच्या गळ्याची शपथ घेतली आणि अर्ध्या तासात अकरा जणींना फोन केले. बाई, तीस वर्षं लोकांची गुपितं या कानातून त्या कानात जोडली, कधी एक शब्द बाहेर फुटला नाही. आणि स्वतःच्या घरची गोष्ट मला अर्धा तास पोटात ठेवता आली नाही! बारावा तर चुकीचा नंबर लागला. त्या माणसालाही सांगितलं. त्याने अभिनंदन केलं.

शिवाय पडदा काढताना तिला स्टूल धरायला लावलं होतं. चढले मी होते, पण स्टूल तिने धरलं होतं, आणि मी काही हलकी नाही.

आता घरात वावरताना तिच्याकडे बघवत नाही. तिला वाटत असेल, सासू रागावली. तू शहाणी आहेस, काहीतरी मार्ग काढ. आणि हे पत्र वाचून फाड.

या म्हातारीवरची माया कमी करू नकोस.

तुझ्या बहिणीची सासू

१४ मार्च

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. राखून ठेवलेलेही सोडून टाकले.

मी विश्वासघात करते आहे. सोबत दोन पत्रं जोडली आहेत. एक फाडायला सांगितलेलं, एक चोरून लिहिलेलं. आधी ती वाच, मग पुढे ये.

वाचलीस? तुझा नवरा शिंका गिळून बहिरा व्हायला आला आहे, आणि सासूबाई रागावलेल्या नाहीत, लपून बसल्या आहेत. तुमच्या एवढ्याशा घरात तीन माणसं एकमेकांकडे न बघता कशी वावरतात, ते मला एकदा प्रत्यक्ष बघायचंय.

आता माझं ऐक. जानेवारीत तू आलीस, तेव्हा मी तुला शिकाऊ गाडीतून सरावाच्या मैदानावर फिरवलं. खड्ड्यांतून. जोरात. तू ओरडत होतीस आणि मी हसत होते. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मी आधी यादीत तेच शोधलं. नव्हतं. मला इतकं हायसं वाटलं, की त्याची दोन दिवस लाज वाटत राहिली. तुला फटकारताना मी हे लिहिलं नव्हतं.

तेव्हा सतराला घरातलं कुणी मागे राहायचं नाही. चौघांचे गुन्हे डॉक्टरांपुढे मांड. माझा शेवटी वाच.

सध्या माया जास्त, धाक कमी.

ताई

२२ मार्च

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. आज वाकले तरी चालते, पण पाठ दुखते आहे; तेवढी सूट असावी.

सतरा तारखेला आम्ही तिघे डॉक्टरबाईंकडे गेलो. पिशवी वाढली होती आणि रिकामीच होती. दिवस मोजण्यात चूक नव्हती. ताई, गणित बरोबर आल्याचे मला आयुष्यात प्रथमच वाईट वाटले.

मग मी यादी काढली. तू सांगितले होतेस म्हणून वाचू लागले. आवाज इतका बारीक होता, की त्यांनी खुर्ची पुढे घेतली. प्रत्येक चुकीवर त्या नाही म्हणाल्या. एकोणिसाव्या चुकीपाशी परिचारिकाही नाही म्हणू लागली. मग यांनी शिंकेचे सांगितले. डॉक्टरबाईंनी शिंक करून दाखवायला सांगितली. यांनी नाक वर केले, डोळे मिटले, आम्ही सगळे श्वास रोखून बसलो आणि शिंक आली नाही. सासूबाईंनी अकरा फोनांची कबुली दिली आणि बाराव्या माणसाचीही, ज्याची ओळख अजून पटलेली नाही. तुझे खड्डे मी शेवटी वाचले. त्यावरही नाहीच.

त्यांनी नीट समजावले. बहुतेक वेळा अगदी पहिल्या काही दिवसांतच, आईवडिलांकडून आलेल्या दोन अर्ध्या सूचना जुळताना गफलत होते. अशा गर्भाचे बाळ होणारच नसते. उचलण्याने, पळण्याने, दचकण्याने हे घडत नाही. पुष्कळ जणींना होते आणि पुढच्या वेळी बहुतेकींचे सारे सुरळीत पार पडते.

मग मी यांना आणि सासूबाईंना बाहेर बसायला सांगितले. यादीत नसलेली एक चूक होती, ताई. तुलाही लिहिली नव्हती. ज्या दिवशी दिवस गेल्याचे कळले, त्या दिवशी मला आनंद झाला नव्हता. मी घाबरले होते. प्रेसमध्ये अडकवलेल्या पुस्तकाचे काय होईल, हाच विचार पहिल्यांदा आला. पुढे हळूहळू ओढ लागली, पण तो पहिला दिवस मला विसरता येत नव्हता. नको होते म्हणून ते आले नाही, असे वाटत राहिले. हे मी खाली पाहून सांगितले.

डॉक्टरबाई त्यावरही नाही म्हणाल्या, खळ चाखण्यावर म्हणाल्या होत्या अगदी त्याच सुरात.

वाट पाहणे, गोळ्या किंवा छोटी शस्त्रक्रिया असे तीन मार्ग होते. मी गोळ्या निवडल्या. रक्तस्राव फार झाला किंवा ताप आला तर तडक यायचे, असे बजावून त्यांनी घरी पाठवले. परवा दुपारी सारे झाले. वेदना झाल्या, तुझ्यापासून काय लपवू. सासूबाई गरम पाण्याची पिशवी बदलत राहिल्या. हे दाराशी उभे होते, आणि नेमक्या त्या क्षणी यांना शिंक आली. चौदा दिवस दाबलेली सगळी एकदम. सासूबाईंच्या हातून पिशवी पडली, शेजारी दार वाजवायला आले, आणि मी पोट धरून हसले. हसता हसता रडू लागले ते संध्याकाळपर्यंत. हे दोघे दोन बाजूंना बसून राहिले. कुणीही माफी मागितली नाही.

दोष नाही म्हटल्यावर हलके वाटेल, असा माझा समज होता. तसे फारसे वाटत नाही. चुका मोजत होते तोवर निदान काम होते. आता नुसती आठवण येते, कधी न दिसलेल्याची.

राजीनाम्याचे विचारशील. मुख्य ग्रंथपालांनी तो उघडलेलाच नव्हता. पाकीट इतके सुबक चिकटवले होते, की फाडण्याची त्यांना हिंमत होईना. मी ते तसेच परत घेतले. सोमवारपासून कामावर जाईन.

त्याआधी शनिवारी तू ये. समजूत घालायला नको, ती पुरेशी घालून झाली आहे. नुसती येऊन बस, आणि मी रडले तर रडू दे.

लोभ पत्राने पुरत नाही. स्वतः घेऊन यावा.

तुझी,
धाकटी